गुडघ्याखाली चार बोटं

सबोहत : पंधरवड्यापूर्वी घोटा, गेल्या आठवड्यात पोटरी, आज आणखी वर. बोबो, तुमचं दुखणं फार शिस्तीचं आहे हो. रोज बोटभर चढतं!

बोबो : म्हातारपण आहे, पोरी. चहात रोटी बुडव, निवतोय.

सबोहत : बुडवते. गावाला तीन वर्षं सांगताय, दिवसांची मोजणी सोडली. आणि रोज सकाळी, दिवसाला एक बोट धरून, सूर्य अंगावर कुठवर आला ते चाचपता.

बोबो : विद्यापीठात नातींना हेरगिरी शिकवतात वाटतं.

सबोहत : तिथं बर्फ मोजायला शिकवतात. हेरगिरी आजीची.

बोबो : तिचं नाव काढू नकोस. वरून ओरडेल.

सबोहत : उद्या शाळेत बैठक आहे. नऊ देशांची माणसं. बर्फवाले, मातीवाले, पाखरंवाले, बियाणंवाले. हवा अशी बदलल्यावर आपल्या बर्तंग दरीनं जगायचं कसं, ते आम्ही चार वर्षं शोधतोय. काल शेजारच्या ओइमोनं विचारलं, नांगर कधी काढू? चाळीस शिकलेली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली.

बोबो : मीही तेच केलं असतं.

सबोहत : पूर्वी नाही. तुम्ही म्हणायचात, सूर्य गुडघ्यात आला, की सगळं गाव बैल जुंपायचं.

बोबो : तसंच म्हणालो ना, तीन वर्षांपूर्वी! आठ दिवस बर्फ पडलं. पेरलेलं कुजलं. ओइमोच्या पोरांनी तो हिवाळा तुतीच्या पिठावर काढला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सबोहत : त्या वर्षी मोजायला कधी लागलात?

बोबो : नेहमीसारखाच. नदीवरचं बर्फ तडकलं, की पायाच्या अंगठ्याच्या नखावर पहिला दिवस.

सबोहत : हुदहुद आला होता?

बोबो : ...ते आठवत नाही.

सबोहत : पाखरंवाल्यांच्या वहीत आहे. बर्फ तडकल्यावर एकोणीस दिवसांनी आला.

बोबो : एकोणीस? अगं, दोघं बरोबरच यायचे. इकडं नदी बोलायची, तिकडं कुंपणावर तुरा हलायचा. माझ्या बापानं दोघांना विचारायचं शिकवलं होतं. मी आळशी. एकाला विचारून भागवू लागलो.

सबोहत : आमचं काय वेगळं आहे? बर्फवाले नदीचं ऐकतात, पाखरंवाले पाखराचं. जेवतो एका दस्तरखानावर, वह्या मात्र आपापल्या खोलीत उघडतो. उद्या तुम्हीही या बैठकीला.

बोबो : आणि मी उद्या येऊन पुन्हा चुकलो तर?

सबोहत : चाळीस जणांसोबत चुकाल.

बोबो : सोबत तर चांगलीच जमवलीस. यंदा हुदहुद आला?

सबोहत : अजून नाही.

बोबो : माती?

सबोहत : वीतभर खाली गोठलेलीच आहे.

बोबो : बघ! यंदाही नदीच्याच नादानं सूर्य चढवत होतो. आता थांबायचं. पाखरू येईपर्यंत सूर्य पुढं न्यायचा नाही. ओइमोला सांग, नांगर आतच राहू दे.

सबोहत : तुम्हीच सांगा. तीन वर्षं ती तुमच्याच तोंडाकडं बघतेय.

बोबो : ...सांगेन. चहा झाला की जातो. तुझा हात आण इकडं.

(तिचा हात तो आपल्या नडगीवर ठेवतो.)

बोबो : इथं. गुडघ्याला चार बोटं कमी. उद्यापासून तूही लक्षात ठेव.