येडशीच्या उतारावरची मोटार

रामलिंगाला निघालेल्या दोघा दोस्तांची भाड्याची मोटार येडशीच्या उतारावर दगडाला धडकून थांबली. एस.टी.ची वाट बघत बसलेल्या सिताबाईला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“गोपाळ, ब्रेक नीट लागत न्हाय, हे तुला कधी कळलं?”

“सकाळीच. मोटारवाला म्हणाला होता, जपून चालवा.”

“आन् तू गप बसलास?”

“सांगितलं असतं तर तू आलाच नसतास, बब्रुवान. वहिनी गेल्यापासून आज पहिल्यांदा घराबाहेर पडलास.”

“माझ्या पोरीला आई न्हाय. आज बापही गेला असता.”



एस.टी. आली. सिताबाईच्या मागोमाग बब्रुवान चढला. गोपाळ रस्त्यावरच उभा राहिला. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली.

“थांबा,” बब्रुवान खिडकीबाहेर न बघता म्हणाला, “आमचा एक माणूस खाली राहिलाय.”