काचेवरचं कुंकू

कारगिलची लढाई पेटून महिना झाला होता. फलटणच्या स्टँडावर दीपमाला गाडीच्या रांगेत उभी होती. पुढं सासू-सून, सुनेच्या हातात नुकताच दुरुस्त करून आणलेला तीन बँडचा रेडिओ.

"आत्ती, दुकानदारानं काच पुसली. माजी खूण गेली."

"कुंकू पुसलं? आगं शालन, माजा वीरधवल तिकडं लढाईवर, डोंगरात, आन् हितं..."

"त्याला काय ठावं? दिल्लीच्या बातम्या लागत्यात तितंच मी कुंकवाचा ठिपका लावला हुता."

"माजा जीव थाऱ्यावर न्हाई बग. सरपंचाच्या टीव्हीवर बगू."

"तितं लाईट कवा असती? आन् चारचौघांत न्हाई ऐकायचं मला. घरात ऐकायचं."

"आता ते टेशन घावतंय व्हय? नुसती खरखर."

"घावंल. काटा केसाएवढा सरकवायचा."

"गाडी लागली गं."

"जाऊ दे. बातम्यांची येळ हीच हाय, खूण आत्ताच करून घ्यायची."

गाडी गेली. दीपमालाही चढली नाही.

शालननं रेडिओ लावून काटा हळूहळू सरकवला. खरखरीतून एक आवाज वर आला, हिंदी, स्वच्छ. तिनं कपाळाच्या कुंकवाला बोट लावलं आणि तेच काचेवर टेकवलं.

"आत्ती, आता ह्या काचंला कुणी हात लावायचा न्हाई."