बोलत चल, बाबा

(अलास्काच्या किनाऱ्यावरचं अस्वलांचं राखीव रान. गवत छातीपर्यंत. निकिफोर आणि त्याची मुलगी पाशा एकामागून एक चालताहेत.)

पाशा : परत गप्प झालास. बोल ना, बाबा. तू गप्प झालास की मला भीती वाटते.

निकिफोर : बोलतोय की.

पाशा : पुटपुटतोयस. मोठ्याने बोल. आपण येतोय हे त्यांना लांबूनच कळायला हवं.

निकिफोर : मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून येतोय या गवतात.

पाशा : तेव्हा बोलायला आई असायची. तू नुसता मागून हुं हुं करत यायचास.

निकिफोर : हुं.

पाशा : बाबा!

निकिफोर : अगं, काय बोलू? सुचत नाही मला.

पाशा : तो दिवस सांग. मला कुणी धड सांगितलंच नाही. मी तिकडे शहरात. फोन आला, आई गेली, ये.

निकिफोर : इथं सांगू? आत्ता?

पाशा : घरी तरी कुठे सांगितलंस?

निकिफोर : जाळं टाकलं होतं. मासा चांगला लागला होता. रेडिओवर तुझा वासिली काका आला. म्हणाला, जाळं काप आणि घरी ये.

पाशा : एवढंच?

निकिफोर : एवढंच. रेडिओवर सगळ्या बोटी ऐकत असतात ना. पण भर हंगामात जाळं काप असं कुणी कुणाला सांगत नाही. मी काही विचारलं नाही. सुरी घेतली आणि कापलं.

पाशा : मला वाटायचं तू तिच्याजवळ होतास.

निकिफोर : नव्हतो. आलो तेव्हा वासिलीच्या बायकोने तिला पलंगावर निजवलं होतं. हृदय बंद पडलं म्हणाले. सकाळी मला थर्मासात चहा भरून दिला होता तुझ्या आईने. असो. तो उंचवटा दिसतो का?

पाशा : झुडपं आहेत तो?

निकिफोर : तोच. तिच्या आजीचं घर तिथं होतं. ज्वालामुखीचा डोंगर फुटला, राख पडली, तेव्हा सगळं गाव होड्यांत बसून गेलं. पुढे सरकारने रान राखलं. आता गाव त्यांचं.

पाशा : आईने मागून मागून काय मागितलं, तर तिथली मूठभर माती.

निकिफोर : मी गेले की माझ्या अंगावर टाका म्हणायची. दुसरं कधी काही मागितलं नाही. पिशवी घेतलीस ना?

पाशा : घेतली. बाबा...

निकिफोर : पाहिलं. हलू नकोस.

पाशा : केवढं अस्वल...

निकिफोर : नाव घेऊ नकोस! मोठी बाई म्हण. ऐकतात त्या.

पाशा : पिल्लं आहेत. दोन. ती उभी राहतेय, बाबा. मिरचीचा फवारा काढलाय मी.

निकिफोर : खटक्यावरून बोट काढ. चुकून दाबला जाईल. ... बाई, आम्ही आहोत. मात्रोनाची माणसं, तिचा नवरा आणि मुलगी. तुमचं काही न्यायला आलो नाही.

पाशा : माती न्यायला आलोय.

निकिफोर : ते कशाला सांगतेस तिला!

पाशा : हुंगतेय बघ. वारा आपल्याकडून तिच्याकडे जातोय. एवढं काय हुंगतेय? बाबा, खिशात काय आहे?

निकिफोर : काय असणार?

पाशा : बाबा.

निकिफोर : मासा. धुरावलेला.

पाशा : इथं? मासा घेऊन आलास इथं?

निकिफोर : खिशात असतोच तो. इकडे यायचं असलं की दारातच तुझी आई माझे खिसे रिकामे करायची. माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाशा : टाक तो. लांब भिरकाव.

निकिफोर : नाही. एकदा खाल्ला की माणूस दिसला, मागे लाग, असं होईल तिचं. पिल्लंही तेच शिकतील. मग कुणीतरी गोळी घालेल.

पाशा : आणि नाही टाकला तर आपल्याला खाईल!

निकिफोर : ओरडू नकोस. माझा पट्टा धर. मागे मागे चल. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही.

पाशा : धरलाय.

निकिफोर : सोडू नकोस. हळू चल.

पाशा : उंचवटा तिच्या मागे आहे.

निकिफोर : माहीत आहे. होडीकडे चल.

पाशा : येतेय ती. बाबा, ती येतेय.

निकिफोर : बोल तिच्याशी. आई बोलायची तसं बोल.

पाशा : बाई... माझी आई इथलीच हो. तिची आजी त्या उंचवट्यावर मासे वाळवायची. तुमच्या आजीने पळवलेही असतील चार. आमच्या बाबांचं मनावर घेऊ नका, त्यांना खिशाची अक्कल नाही. आम्ही निघालो, बघा. खरंच निघालो. ... थांबली.

निकिफोर : तू थांबू नकोस.

पाशा : पाण्यात आले मी.

निकिफोर : चढ होडीत. नांगर मी ओढतो. चढ म्हणतोय ना!

पाशा : तू आधी... बरं, बरं. हात दे. दे हात! ओढतेय मी.

निकिफोर : वल्हं मार. अजून. हं, पुरे.

पाशा : वाटेवरच बसली रे. पिल्लांना पाजतेय.

निकिफोर : मग लवकर उठायची नाही. आणि ओहोटी लागली की होडी चिखलात रुतेल. निघायला हवं.

पाशा : दात वाजताहेत माझे. थांबतच नाहीत.

निकिफोर : हा घे. खा.

पाशा : तोच मासा?

निकिफोर : आईने धुरावलेला. घरातला डबा संपलाय, हाच शेवटचा.

पाशा : अर्धा तू खा. ... परत कधी यायचं?

निकिफोर : आता वादळं सुरू होतील. बर्फ वितळल्याशिवाय नाही.

पाशा : पण रविवारी आईचा चाळिसावा दिवस आहे, प्रार्थना आहे. पाद्री येतील, सगळे येतील. थडग्याजवळ उभं राहून तिला काय सांगायचं?

निकिफोर : आहे ते सांगायचं. माती आणायची राहिली.