एका नंबरानं हुकलेला कुकर

माझं माहेर तीर्थपुरीच्या पलीकडलं. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राह्यचा, पण पोरीला शाळेतून काढणार न्हाई म्हणजे न्हाई, बाबासाहेबांनी आपल्याला काय सांगितलं, असं भाऊबंदाला ऐकवायचा, आन् त्याच्या त्या हट्टापायी मी बारावीपर्यंत शिकले. लग्न होऊन इकडं जाफराबादकडं आले, म्हणजे जालना जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मालक माझे सेंट्रिंगचं काम करतात. आन् मी काय करते, ते कसं सांगू तुम्हाला, मी फॉर्म भरते. वीस वर्षं झाली, फॉर्मच भरून राह्यले. संडास हाय का, बोंडअळी पडली का, लेकराला डोस दिला का. कोणी आलं आन् म्हणलं विमलताई, एवढ्या घरांचे फॉर्म पाहिजेत, की मी चप्पल घातली. लोक मला फॉर्मवाली म्हणतात, म्हणू द्या.

तर मागं शहरातून एक मॅडम आल्त्या. मानसशास्त्राच्या. त्या जुगाराचा अभ्यास करून राह्यल्या होत्या. मी पहिल्यांदा हसले. म्हणलं मॅडम, जुगाराचा काय अभ्यास, ज्याला लागला त्याला लागला. त्या म्हणल्या, कामून लागतो आन् काहींचा कसा सुटतो, तेच पाह्यचं हाय, हा आजार हाय विमलताई, जशी शुगर असते तसा. मला काही तव्हा पटलं न्हाई. आपल्याकडं जुगाऱ्याला काय कोणी आजारी म्हणतं का, त्याला शिव्याच द्यायच्या असतात.

फॉर्म मोठा होता. पहिलाच सवाल, तुम्ही जुगार खेळता का. मी एका गावात, नाव न्हाई सांगत, दोन दिवस फिरले आन् त्या गावात एकसुद्धा जुगारी निघाला न्हाई बघा! पारावर पत्ते पिसून राह्यलेले चौघं, पत्ते हातात, आन् मला म्हणतात जुगार? छे ताई, आम्ही तिरट खेळतो, टाइमपास. एक म्हणला मी फकस्त आकडा लावतो. एक पोरगा मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटची टीम लावायचा, तो म्हणला हे तर डोक्याचं काम हाय, याला जुगार कोण म्हणतं. मंग मी मॅडमला फोन केला, म्हणलं तुमचा सवालच चुकलाय, जुगार म्हणजे ह्यांच्या हिशोबानं दुसरे खेळतात तो. मॅडम इतक्या हसल्या. त्यांनी सवाल बदलला, नावं घेऊन विचारा म्हणल्या, तिरट, आकडा, रमी, टीम. मला बरं वाटलं, शिकलेल्या बाईनं माझं ऐकलं.

पण तरी माणसं येईनात. बायका दारातूनच सांगायच्या, ते घरी न्हाईत, आन् आतून खोकल्याचा आवाज यायचा. आता इथं माझी चूक झाली ती सांगते. आमच्या बचत गटात कसं हाय, बैठकीला बाया येत न्हाईत म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. जी येईल तिच्या नावाची चिठ्ठी, जिची निघाली तिला बादली न्हाई तर डबा. त्यानं बैठक भरते. वर्षानुवर्षं करून राह्यलो, त्याच्यात वाईट काय ते डोक्यातच आलं न्हाई. मी म्हणलं इथं पण तसंच करू. माझ्या पदरचा एक कुकर घेतला, पाच लिटरचा, आन् सांगून टाकलं की रविवारी शाळेच्या ओट्यावर या, फॉर्म भरा, नंबराची चिठ्ठी घ्या, शेवटी सोडत. काय सांगू तुम्हाला, ओटा पुरला न्हाई. खोकणारे सगळे आले.

त्यात रावसाहेब आले. हे काळीपिवळी जीप चालवतात, भोकरदन लाइनला. माणूस सरळ, बोलणं मऊ, पण आकड्यानं पार धुऊन काढलेला. त्यांची बायको शोभा, तिनं मोठ्या हिकमतीनं ते सोडवलं होतं. टचचा मोबाइल विकून बटनाचा दिला, सकाळी जीपपर्यंत सोबत जायची, संध्याकाळी स्टँडवर न्यायला उभी. लोक हसायचे तिला. आठ महिने झाल्ते, हात लावला नव्हता त्या माणसानं. मॅडमला असाच माणूस पाहिजे होता, ज्यानं दवाखान्याबिगर सोडलं. त्यांचा फॉर्म सगळ्यात लांब झाला. त्यांनी सगळं सांगितलं, हरलेलं परत आणायला दुसऱ्या दिवशी जायचो का, हो, घरी खोटं बोललो का, हो. मान खाली घालून, पण सगळं. शोभा बाजूला उभी होती, तिच्या तोंडावर असं तेज होतं, लेक पहिली आल्यासारखं.

मंग सोडत. एका म्हातारीनं डोळे मिटून चिठ्ठी काढली. एकोणचाळीस. रावसाहेबांची चिठ्ठी चाळीस. अरारा, सगळा ओटा ओरडला. आन् मी, मी काय म्हणले माहीत हाय का, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणलं, जाऊ द्या भाऊ, नशीब दारापर्यंत येऊन गेलं, पुढच्या टायमाला तुमचंच. आपण म्हणतोच ना असं. परीक्षेत हुकलं, भरतीत हुकलं, आपण तेच म्हणतो. ते हसले न्हाईत. ती चिठ्ठी त्यांनी उलटीसुलटी करून पाह्यली, घडी घातली आन् खिशात ठेवली.

रात्री मोठ्या खुशीत मॅडमला फोन लावला, म्हणलं सगळे फॉर्म झाले. कसे झाले, म्हणल्या. मी सांगितलं.   मंग म्हणल्या, विमलताई, आपण जुगाराचा अभ्यास करतोय आन् तुम्ही सोडत काढली? त्यांनी मला समजावलं. म्हणल्या, माणूस हरल्यानं परत खेळायला बसत न्हाई तेवढा थोडक्यात हुकल्यानं बसतो. हुकलेलंच असतं, पण डोक्याला वाटतं जवळ आलोय.  रावसाहेबांचं मात्र मी त्यांना तव्हा सांगितलं न्हाई. जीभच रेटली न्हाई.

तीन महिन्यांनी दुसऱ्या फेरीचे फॉर्म घेऊन गेले. शोभा दारात होती. एरवी पहिल्यांदा पाणी आणणारी बाई, बसा म्हणली आन् बसूनच राह्यली. रावसाहेब आले तर हातात टचचा मोबाइल. मला समजलं. तरी फॉर्म म्हणजे फॉर्म, मी विचारलं, मधल्या काळात खेळलात का. हो. कधीपासून. ते म्हणले, तुम्ही आल्त्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी, चाळीस लावला. नंबर जवळून गेला म्हणजे फिरून येतोच ना ताई. पुढला सवाल, कशामुळं परत सुरू झालं. ते म्हणले, लिवा, दोस्तांमुळं. मला वाचवून राह्यले होते हो. तो माणूस मला वाचवून राह्यला होता! शोभा उठली, पत्र्याच्या डब्यातून ती चाळीसची घडी घातलेली चिठ्ठी आणली आन् माझ्या फॉर्मवर ठेवली. तिनं एवढंच म्हणलं, ताई, माझे आठ महिने होते.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दोस्तांमुळं लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? माझं काम टिकलं असतं. पण वीस वर्षं मी लोकांना सांगून राह्यले की खरं सांगा, खरं सांगा. मी तिथं लिहिलं, फॉर्म भरणाऱ्या बाईनं सोडत काढली, नंबर एकानं हुकला, बाई म्हणली पुढच्या टायमाला तुमचंच. खाली माझी सही केली. तो फॉर्म मॅडमच्या हातात नेऊन दिला, डाकेनं न्हाई पाठवला.

मॅडम रागावल्या, रागावणारच. त्यांना वरच्या समितीला कळवावं लागलं, त्या गावाचे सगळे फॉर्म अभ्यासातून काढले, माझंही काम काढलं. मी म्हणलं बराबर हाय. पण रावसाहेबांचं काय, त्यांना तर कोणी कशातून काढलं न्हाई. मंग मॅडमनीच जालन्याच्या दवाखान्यात बोलून ठेवलं, तिथं बोलून बोलून इलाज करतात. रावसाहेब एकटे जायला तयार न्हाईत, शोभाला मजुरी बुडवता येत न्हाई. तर मी जाते. दर पंधरा दिवसाला, जाफराबादहून एसटीनं. मालक म्हणतात, याचा तुला पगार कोण देतं. मी म्हणते, न्हाई देत कोणी.

आता एक वर्ष होत आलं. सुटलंय असं मी सांगणार न्हाई तुम्हाला. मधी एक महिना पूर्ण कोरडा गेला, मंग पोळ्याला परत खेळायला बसले, दोन दिवस घरी आले न्हाईत. त्या वेळेस शोभा माझ्या घरी आल्ती, पहिल्यांदा. मी पाणी दिलं, ती प्याली. मंग दोघी जाऊन त्यांना घेऊन आलो.

परवा एसटीत खिडकीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, ताई, सुटंल का हो माझं? माझ्या तोंडापर्यंत आल्तं, सुटंल भाऊ, कामून न्हाई सुटणार, आता थोडंच राह्यलंय. गिळलं मी ते. म्हणलं, मला माहीत न्हाई. आज तुम्ही खेळला न्हाईत, माझ्या बाजूला बसून जालन्याला चाललात, एवढं मला माहीत हाय.  त्यांनी पिशवीतून शोभानं दिलेली भाकर काढली आन् अर्धी माझ्यापुढं केली. तिनं दोघांची बांधली होती.