ताशी तीनशे

(स्टेशनमागचं क्वार्टर. भर दुपारी धाकटी चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरलीय.)

धाकटी : तीनशे, दादा! ताशी तीनशे! खांब दिसतच नाहीत रे, नुसती करडी भिंत पळते!

दादा : अगं, चपला! आणि खरी गाडी होती का ती? सरावाची केबिन. पुढे पडदा.

धाकटी : असेना का पडदा! वेगाचा दांडा तर माझ्या हातात होता! आई, उभा जन्म गेला माझा ती पॅसेंजर हाकण्यात. दर स्टेशनाला थांब, पुन्हा निघ, पुन्हा थांब. आज पहिल्यांदा अंगावर काटा आला बघ.

आई : आधी पाणी पी. पास झालीस का?

धाकटी : सांगते ना. आधी ह्या स्टेशनमास्तरला विचार, संध्याकाळच्या सभेत काय दिवे लावणार आहे ते.

दादा : लपवायचंय काय त्यात? वेगवान गाडीचा मार्ग सरकारनं बांधावा की तुझी परीक्षा घेणाऱ्या ह्या कंपनीनं, ह्यावर गावाचं मत घेणार आहेत. मी म्हणणार, सरकारनंच बांधावा. कंपनीची गाडी आपल्या गावाला थांबणारच नाही.

धाकटी : सरकार! सरकारी काम आणि सहा महिने थांब! तुझ्याच स्टेशनावरचा पूल बघ. चढायला जिना आहे, उतरायला नाही!

दादा : होईल तोही.

धाकटी : कधी? तिथे उडी मारायची शाळा काढ तोवर!

आई : भांडा, पण हात चालवा. ह्या शेंगा निवडा.

दादा : आणि तुझी कंपनी काय धर्मादाय आहे? नफा झाला तर तिचा, बुडाली की आमच्या गळ्यात. जमीन आम्ही द्यायची, कर आम्ही भरायचा आणि गाडी गेली की फलाटावर धूळ खायची!

धाकटी : अरे, पण ती गाडी येईल तरी! तीन वर्षांत येईल! तुमच्या सरकारची येईस्तोवर मी निवृत्त होऊन गुडघ्यांना तेल चोळत बसेन. मला ती चालवायचीय, दादा. फार चालवायचीय.

दादा : कळतंय गं मला. लहानपणी खाटेवर बसून माझ्याच पाठीवर थापा मारत गाडी चालवायचीस तू.

आई : पास झालीस का, हे पुन्हा विचारू का?

धाकटी : सगळं चोख झालं गं! चढ, वळण, बोगदा. परीक्षक माना डोलावत होते. मग आपलं स्टेशन आलं.

दादा : पडद्यावर?

धाकटी : हुबेहूब! तुझी ती कललेली पाण्याची टाकीसुद्धा! आणि मी थांबवली.

दादा : काय थांबवली?

धाकटी : गाडी! हातानं आपोआप वेग उतरवला. अशी अलगद फलाटाला लावली, कुणाचा चहा हिंदकळला नसता. मागून परीक्षक म्हणतात, “बाई, इथे थांबा नाही.”

आई : अगं बाई!

दादा : कर्म माझं! तीनशेच्या गाडीची पॅसेंजर केलीस! हसू का रडू? नापास ना मग?

धाकटी : नाही रे. तेही हसले. म्हणाले, सवय आहे, जाईल. सोमवारी पुन्हा या. तिथे न थांबता पुढे गेलात की नोकरी तुमची.

दादा : मग जा. अगदी मनापासून सांगतो. सभेत मी माझं बोलेन, तू तुझी गाडी चालव. राग नाही धरणार.

धाकटी : सभेत तुझ्यानंतर मीही बोलणार आहे.

दादा : माझ्याविरुद्ध? बोल बाई, भावाचं नाक काप!

धाकटी : तुझ्या बाजूनं. सरकारला सांगणार, तुम्हीच बांधा, पण झोपा काढू नका. झपाट्यानं बांधा!

आई : आणि सोमवार?

धाकटी : नाही जात.

दादा : वेडी आहेस का? इतकी वर्षं ह्याच गाडीची वाट बघितलीस ना!

धाकटी : बघितली ना. अजून बघतेय.

दादा : अगं, पडद्यावरचं चित्र होतं ते! फलाटावरची माणसं शोभेला काढलेली!

धाकटी : माहितेय. पण मी वेग कमी केला ना, तशी त्यातली एक बाई पिशवी उचलून उठली, दादा.