समुद्राची सुट्टी

अनिता : बांधकामाच्या वाळूत असले शिंपले असत्यात व्हय?

गोरख : असंल एखादा. पँट धू की गप. पंचनामा कशाला करतीस?

अनिता : गुडघ्यापतोर भिजलीय, दुमडीत वाळू. आन म्हणं, दिवसभर जपानी साहेबाची गाडी घिऊन कंपनीच्या दारात उभा व्हतो.

गोरख : व्हतोच.

अनिता : मग सकाळी सारिकाला खंडाळ्याचा घाट उतरताना दिसलं ते कोण? माझी बहीण हाय ती, गाडी वळखती. मागच्या सीटवर पांढऱ्या शेवंतीचा ढीग व्हता म्हणली.

गोरख : साहेबाचं काम व्हतं.

अनिता : साहेबाला आज सुट्टी हाय. तुंगार्लीच्या बंगल्यावर ताजुन्निसा सैपाक करती ना, तिला फोन केलता मी.

गोरख : तिथवर गेलीस?

अनिता : गेले. सोमवारची कसली वो सुट्टी? ना सण, ना जत्रा.

गोरख : त्यांच्या देशात आज समुद्राची सुट्टी असती.

अनिता : कुणाची?

गोरख : समुद्राची. सगळा देश बेटांचा. वर्सातनं एक दिस त्याचे उपकार मानत्यात. हितली कंपनी चालू ऱ्हाती, पर साहेब पाळतो.

अनिता : थाप तरी नीट मारा! समुद्राला सुट्टी दिल्यावर लाटा कोण हाणणार? फुलं कुठल्या बाईला दिली, ते सांगा.

गोरख : बाई न्हाई गं.

अनिता : हिकडं बघून बोला.

गोरख : अलिबागच्या पल्याड गेलतो. त्या किनाऱ्यावर.

(अनिताच्या हातातली पँट बादलीत पडते.)

अनिता : माझा ओंकार बुडाला तितं?

गोरख : म्हणून तर बोललो न्हवतो.

अनिता : आईनं शपथ घातलीय सगळ्यांना. त्या पाण्याकडं तोंडसुदिक करायचं न्हाई म्हणून. साहेबानं न्यायचं म्हणलं, की तुमी निघाला?

गोरख : साहेब म्हणला, कुठलाबी किनारा चालंल. तिकडं मीच गाडी वळवली.

अनिता : का पर?

गोरख : भाऊ गेला तुझा, आन आपल्यातलं कुणी तितं जाऊन एक फूल वाहिलं न्हाई. लय दिस सलत व्हतं.

अनिता : आन साहेब काय करत व्हता?

गोरख : हात जोडून उभा. त्याचा बाप मासेमार व्हता. वादळात व्हडी गेली, बाप घावलाच न्हाई.

अनिता : बापाला गिळलं, त्याच पाण्याला हात जोडतो?

गोरख : मीबी तेच इचारलं. मोडक्या हिंदीत म्हणला, बापाला भेटायला मला दुसरी जागा कुटं हाय? मग त्यानं निम्मी फुलं माझ्या हातात दिली. ओंकारचं नाव घिऊन सोडली मी.

अनिता : आत शिरला व्हता?

गोरख : गुडघ्यापतोर.

अनिता : लाटा व्हत्या?

गोरख : व्हत्या. भ्या वाटलं. पर नाव मोठ्यानं घेतलं.

अनिता : काय म्हणला?

गोरख : म्हणलं, ओंकार, दाजी आलोय रं. उशीर झाला.

अनिता : साहेबाला इचारा.

गोरख : काय इचारू?

अनिता : सुट्टी नसली तरी एक दिस गाडी देतो का. आईलाबी न्यायला लागंल.