न धुतलेला पंप

फ्रान्सच्या जेर्स भागातल्या धान्यकोठारापुढे मक्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मागच्या ट्रॅक्टरवरची सिमोन पुढच्या दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं निवांत ऐकत होती. त्यांतल्या ओनोरेच्या मक्याचा नमुना आत तपासणीला गेला होता.

“बुरशीचं विष निघालं तर मका परत. मग तो बदकांनाही घालता यायचा नाही, ओनोरे.”

“अरे, यंदा मातीतले जंतू फवारलेत. बुरशीला विष करूच देत नाहीत म्हणे.”

“कुठल्या पंपानं?”

“द्राक्षांवर मोरचूद मारतो, त्याच.”

“धुतला होतास?”

“आमच्या घराण्यात पंप धुतात होय?”

“अरे, मोरचुदात जंतू जगतात का कधी?”

“मग मी फवारलं काय?”

“प्रेतं.”

खिडकीतून हाक आली, “ओनोरे, मका चोख आहे! विषाचा मागमूस नाही. घे आत.”

ओनोरे जागचा हलेना.

“आता काय झालं?” दुसऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

“पुढच्या वर्षी पंप धुवायचा की नाही?”